एकशे सतरा हजर

"माझे एकशे सतरा विद्यार्थी चोरीला गेलेत," पर्स टेबलावर आदळत पर्पेचुआ लुहान म्हणाली.

लाइल बर्केट जर्दाळू भरलेला कोलाची नावाचा गोड पाव तोंडात घालणार होता, तो हात तसाच राहिला. पस्तीस वर्षं त्यानं शाळेची बस चालवली होती. मुलं हरवतात हे त्याला ठाऊक होतं. पण एकदम एकशे सतरा?

कॉनी वाव्रानं मात्र शांतपणे खुर्ची पुढे सरकवली. विमा कंपनीत तीस वर्षं खोटे दावे पकडल्यावर तिनं वेलबी गावात, बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर, स्वतःची गुप्तहेर कचेरी थाटली होती. गाडी लाइल चालवायचा. विचार ती करायची.

"बसा. आणि पहिल्यापासून सांगा."

पर्पेचुआ वेलबी कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या विभागाची प्रमुख होती. तिथला नियम साधा होता. सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी मोजणी व्हायची, आणि विभागात दोनशेपेक्षा कमी विद्यार्थी निघाले तर विश्वस्त मंडळाला तो बंद करता यायचा.

"तीनशे नऊ नावं नोंदली होती. मोजणीच्या आदल्या शुक्रवारी एकशे सतरा जणांनी नाव काढून घेतलं म्हणे. उरले एकशे ब्याण्णव. परवा गुरुवारी मंडळाची बैठक आहे, आमच्या दाराला कुलूप घालायला."

"आणि ते एकशे सतरा आता कुठे आहेत?"

"वर्गात!" पर्पेचुआ उसळली. "रोज येतात, अभ्यास दाखवतात, माझ्याशी भांडतात! खुर्च्या भरलेल्या, आणि कागदावर रिकाम्या!"

"त्यांना कळवलं नाही कुणी?" लाइलनं विचारलं.

"कळवलं की, कॉलेजच्या ईमेलवर! अहो, मांसाच्या कारखान्यात आठ तास सुरी चालवून आलेला माणूस कॉलेजचं ईमेल उघडतो का? सरांकडची हजेरीची यादी पहिल्याच आठवड्यात छापलेली, तिच्यात सगळ्यांची नावं आहेत. त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही. काल मंडळाचा अहवाल हातात आला तेव्हा मला कळलं."

"विद्यार्थी कोण, कुठले?"

पर्पेचुआचा आवाज बदलला. आपल्या घरच्यांबद्दल बोलावं तशी ती बोलू लागली. "सरासरी वय एकतीस. तिघांत दोन बायका. निम्म्यांना पोरंबाळं. ग्वाटेमालाचे, सोमालियाचे, मेक्सिकोचे, आणि इथल्याच शेतांवरचेही. बहुतेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं हे पहिलंच माणूस. एका सत्रात एखादा विषय, फार तर दोन. दिवसाची पोरं दोन-तीन वर्षांत संपवून जातात. माझी माणसं सहा-सात वर्षं घेतात. मधे बाळंतपण येतं, कामाची पाळी बदलते. पण परत येतात, मिसेस वाव्रा. मीही तेहतिसाव्या वर्षी त्याच दारातून आत गेले होते."

कॉनीनं कोट उचलला. "लाइल, गाडी काढ."

नोंदणी कचेरीत मार्लिस होक्स्ट्रा बसायची. तिच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या होत्या.

"बाहेर भिंतीवर पेटी आहे, कुणीही अर्ज टाकू शकतं," ती म्हणाली. "त्या शुक्रवारी सकाळी पेटी उघडली तर ही जाड चळत! सगळ्यांवर कारण एकच, कामाची पाळी बदलली. कारखान्यात असं होतं कधीकधी. विद्यार्थी क्रमांक जुळला, सही दिसली, की मी नोंद करते. जुळले नाहीत ते चौदा बाजूला ठेवले."

"का जुळले नाहीत?"

"या सत्राला त्यांनी नावच घातलं नव्हतं. जे घातलंच नाही ते काढायचं कसं? लोकही ना!" तिनं खण उघडून एक पाकीट दाखवलं. "नोंद करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कुणाला बोललेही नाही."

"चालू यादी कुणाकडे असते?"

"माझ्याकडे रोज ताजी. संध्याकाळच्या शिक्षकांकडे त्यांची त्यांची. आणि हो, बाई, विचारायच्या आधीच सांगते: विभाग बंद झाला तर मला साडेचारला घरी जाता येईल. वाईट वाटेल असं खोटं सांगणार नाही."

कॉनी अर्ज चाळत राहिली. शाया वेगवेगळ्या, अक्षरंही वेगवेगळी. कुणीतरी बरीच मेहनत घेतली होती. तिनं अर्जांवरचे क्रमांक मार्लिसच्या यादीशी ताडून पाहिले, आणि मधेच विचारलं, "या सत्रात नवे किती आले?"

"संध्याकाळी? एकशे चार. तिसरा हिस्सा तरी दरवर्षी नवा असतो."

"मौज आहे. या चळतीत त्यांतला एकही नाही."

"जुनेच कंटाळले असतील," लाइल म्हणाला. बसमध्येही मागच्या बाकावरची जुनी पोरंच आधी पळायची.

कॉनीनं चळतीतला एक अर्ज मागून घेतला.

संध्याकाळी साडेसहाला ते गणिताच्या वर्गात पोचले. एमेट स्ट्रँड फळा पुसत होता. दिवसाच्या वर्गांवर बदली मिळावी म्हणून तो दोन वर्षं भांडत होता, हे अख्ख्या कॉलेजला माहीत होतं.

"म्हणजे संशय माझ्यावर," तो कडवट हसला. "विभाग बंद झाला तर मला दिवसाचे तास द्यावेच लागतील. खरंय. पण हे वर्ग पाहा आणि सांगा, एवढं लक्ष देऊन ऐकणारी माणसं मी घालवीन? मला फक्त माझ्या पोरीबरोबर रात्रीचं जेवायचं असतं हो."

त्याच्या हजेरीपटावर नवी-जुनी सगळी नावं होती. कॉनीनं एक अर्ज काढला आणि पहिल्या बाकावरच्या बाईपुढे ठेवला. बाईच्या अंगावर अजून कारखान्याचा गणवेश होता आणि मनगटाला पट्टी बांधलेली होती.

"ही सही तुमची?"

बाईनं कागद उजेडात धरला. "एउलालिया त्सोक. नाव माझं, सही माझी नाही." ती ताठ बसली. "मी अशी सही आता करतच नाही. जुलैत या देशाची नागरिक झाले. शपथ घेतली त्या दिवशी आईचं नाव जोडून घेतलं. एउलालिया त्सोक आहानेल. कॉलेजातही बदलून घेतलं त्याच आठवड्यात. आईला सही येत नव्हती, बाई. आता तिचं नाव माझ्या प्रत्येक सहीत असतं. ते मी गाळीन?"

मागून कुणीतरी म्हणालं, "गृहपाठावरसुद्धा पूर्ण लिहिते! अर्धा कागद त्यातच जातो!"

वर्ग हसला. एउलालियाही हसली, पण मान तशीच ताठ ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नियोजनाचे डीन रॉइस टिलिंगहास्ट यांच्या दालनात गेले. भिंतभर रंगीत तक्ते होते. डीन उमदे, हसतमुख गृहस्थ होते. त्यांनी स्वतःच्या हातानं कॉफी ओतून दिली.

"हे बघा, आमचं दुखणं," एका बुटक्या लाल पट्टीवर बोट ठेवत ते म्हणाले. "तीन वर्षांत शिक्षण पूर्ण करणारे शंभरात एकोणीस! संध्याकाळचा विभाग वगळा, की लगेच चौतीस. राज्यात आपण पहिल्या पाचांत येऊ. अठरा वर्षांची पोरं, वसतिगृह, फुटबॉलचा संघ. खरं कॉलेज!"

"एकेका विद्यार्थ्याची माहिती तुमच्याकडे असेल ना?" कॉनीनं विचारलं.

"कुठली! वर्षातून एकदा, मे महिन्यात, मला यादी मिळते. तिच्यावरच हे सगळे तक्ते. या सत्राची अजून आलेली नाही; आमच्या मार्लिसबाई म्हणजे गोगलगाय. मला वाईट वाटतं, मिसेस वाव्रा. पण एकशे एकतीस जणांनी आपल्या हातानं सही करून पाठ फिरवली, तिथे मी काय करणार?"

कॉनीनं कॉफी संपवली, आभार मानले आणि उठली.

गाडीत बसल्यावर लाइल म्हणाला, "माणूस गोड आहे. आकड्यात जरा घोटाळला, पण गोड आहे."

"काय घोटाळला?"

"एकशे सतराचे एकशे एकतीस केले."

कॉनी हसू लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "लाइल, बस चालवताना तू एक तरी पोर मागे विसरलास का रे कधी?"

"एकदाही नाही."

"मग हेही विसरू नकोस. आता पर्पेचुआला फोन लाव. उद्या पाच वाजता सगळ्यांना घेऊन या म्हणावं. सगळ्यांना."

गुरुवारी पाचला मंडळाची खोली गच्च भरली. खुर्च्या संपल्या तेव्हा माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. कुणी गणवेशात, कुणी हिजाबात, कुणी कडेवर मूल घेऊन. अध्यक्षा हॅरिएट स्टुबे चष्म्यावरून त्या गर्दीकडे पाहत होत्या. लाइल दाराशी उभा होता.

"हे एकशे सतरा अर्ज बनावट आहेत," कॉनीनं सुरुवात केली. "ज्यांच्या नावानं आलेत ती माणसं इथे आहेत, विचारा त्यांना. प्रश्न एवढाच, की केले कुणी? ज्याच्याकडे विद्यार्थ्यांची यादी होती त्यानं. पण कुठली यादी?

"संध्याकाळी दर तीन विद्यार्थ्यांत एक नवा असतो. एकशे सतरांत तीसचाळीस तरी नवे असायला हवेत. आहे एकही? नाही. म्हणजे अर्ज करणाऱ्याला नव्यांची नावं ठाऊकच नव्हती. दुसरं, मिसेस त्सोक आहानेल यांनी जुलैत नाव बदललं. अर्जावर मात्र जुनंच. तिसरं, असे चौदा अर्जही आले की ज्यांच्यावर नाव असलेल्या माणसांनी या सत्राला नावच घातलेलं नाही. हे सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं. त्याच्यापुढे या सत्राची यादी नव्हतीच. मागच्या मे महिन्यातली होती."

मार्लिसनं एकदम तोंडावर हात ठेवला.

"मिसेस होक्स्ट्रांकडे रोजची ताजी यादी. मिस्टर स्ट्रँडकडे या सत्राचा हजेरीपट. दोघांनाही विभाग बंद झालेला सोयीचा. पण त्यांनी केलं असतं तर नवी नावं आली असती आणि चौदा चुका झाल्या नसत्या. फक्त मेमधली यादी असलेला माणूस या कॉलेजात एकच आहे."

टिलिंगहास्ट मंद हसले. "जुनी यादी असणं हा गुन्हा आहे का, बाई?"

"नाही. पण काल तुम्ही मला म्हणालात, एकशे एकतीस जणांनी सह्या केल्या."

"तोंडातून चुकून निघालं असेल!"

"लाइललाही तसंच वाटलं. मिसेस होक्स्ट्रा, ते पाकीट द्या. अहवालात एकशे सतरा. या पाकिटात चौदा, खणात ठेवलेले. त्यांबद्दल तुम्ही कुणाला बोलला होता?"

"जिवंत माणसाला नाही," मार्लिस म्हणाली.

"एकशे सतरा आणि चौदा, एकशे एकतीस. पेटीत नेमके किती अर्ज पडले हे दोघांनाच ठाऊक होतं, मिस्टर टिलिंगहास्ट. ज्यांनी पेटी उघडली त्यांना, आणि ज्यानं ती भरली त्याला."

लाइलच्या डोक्यात आत्ता कुठे लख्ख उजेड पडला. आकडा त्यानंही ऐकला होता. स्वतःच्या तोंडानं उच्चारलाही होता!

डीननी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच ठेवला. त्यांचं हसू गेलं होतं. पण आवाज चढला, आणि लाइलला जाणवलं की या माणसाला आपलं अजूनही बरोबरच वाटतंय.

"मी हे कॉलेजासाठी केलं! तीन वर्षांत संपवत नाहीत ही माणसं! येतात, जातात, पुन्हा येतात. यांच्यामुळे राज्यात आपली नाचक्की होते!"

"त्या पाकिटातला एक अर्ज माझ्या नावाचा आहे, लुहानबाईंनी फोन करून सांगितलं," भिंतीजवळून आवाज आला.

निळ्या कपड्यांतला एक उंच माणूस पुढे आला. छातीवर इस्पितळाचा बिल्ला होता.

"अब्दिरहमान गुलेद. मी या सत्राला नाव घातलं नाही, कारण मे महिन्यात माझं शिक्षण पूर्ण झालं. सात वर्षं लागली, सर. चार वर्षं रात्रपाळी केली, दोनदा सोडून परत आलो. तुमच्या त्या लाल पट्टीत मी नापासच असेन, कारण ती तीन वर्षांनंतर बघतच नाही." त्यानं खोलीभर नजर फिरवली. "मागच्या महिन्यात मिसेस स्टुबे यांच्या यजमानांना छातीत दुखायला लागलं. त्यांच्या उशाशी मी होतो."

हॅरिएट स्टुबेंनी चष्मा काढला. बराच वेळ त्या तो पुसत राहिल्या.

"एकशे सतराही नावं पुन्हा नोंदवून घ्या," अखेर त्या म्हणाल्या. "डीनसाहेब, तुम्ही थांबा, आपल्याला पोलिसांशी बोलायचंय. आणि पुढच्या वर्षीपासून सहा वर्षं, सात वर्षं, जेवढी लागतील तेवढी मोजणारा तक्ता मला भिंतीवर हवा. विभाग बंद करण्याच्या बाजूनं कोण?"

एकही हात वर झाला नाही.

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की कडेवरचं एक पोर रडायला लागलं. मार्लिस उभी राहून टाळ्या वाजवत होती. स्ट्रँडनं डोळे टिपले आणि ते कुणी पाहिलं तर नाही ना, हे पाहिलं.

पर्पेचुआ लुहाननं घड्याळाकडे नजर टाकली. सहा वीस.

"झालं ते झालं!" ती टाळ्यांच्या वर ओरडली. "दहा मिनिटांत तास आहे. आणि आज चाचणी आहे, कुणी घरी पळायचं नाही!"

"आजसुद्धा?" एउलालियानं कळवळून विचारलं.

"आज तर नक्कीच!"

माणसं हसत, कुरकुरत, वह्या सावरत उठली. लाइलनं दार उघडून धरलं. ती एकामागून एक बाहेर पडू लागली आणि प्रत्येकानं जाताना त्याला "थँक यू" म्हटलं. लाइलचा खांदा भरून आला. त्यानं हात बदलला, आणि थोड्या वेळानं पुन्हा बदलला. रांग अजून संपत नव्हती.