सव्वा मूठ गहू

वात जरा वर करा. अंधाराची मला भीती नाही. जे झालं ते सगळं उजेडातच झालं. पण हे सांगताना समोरच्याचे हात दिसलेले बरे वाटतात.

मी तेव्हा जळगावला कारकून होतो. भाड्याच्या एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. मी, बायको प्रमिला, म्हातारी माय झुंबरबाई आणि सहा वर्षांचा देवा. घरमालकीण नळावरून रोज तोंड सोडायची आणि प्रमिला रोज म्हणायची, "चंद्रमौळी असू दे, पण आपलं असू दे." सत्याऐंशी साली कळलं, धरणगावच्या अलीकडच्या एका खेड्यात घर विकाऊ आहे. स्टेशन गावाला लागूनच होतं. सकाळची पॅसेंजर कचेरीच्या वेळेला पोचवायची, संध्याकाळची दिवेलागणीच्या आत परत आणायची. म्हटलं, देव पावला.

घर लीलाधर नानांचं. एकटा, वाळलेला म्हातारा. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे दगडी ओटा आणि त्यापुढे कपाशीचं शेत. इतकं शांत गाव की दुपारी स्वतःच्या चपलांचा आवाज मोठा वाटायचा. खरेदी झाली, किल्ल्या हातात आल्या, तरी नाना उंबऱ्यावरून हलेनात.

"मांगला वट्टावर दुपारले कोनी बठनं ते बठू द्या," ते म्हणाले. "बोलाना नई... बस."

खेड्यात वाटसरू ओट्यावर सावलीला टेकतातच. मी "बरं" म्हटलं आणि विसरलो. नानांनी मात्र निघताना मागच्या दाराकडे पाहिलंच नाही, हे माझ्या ध्यानात राहिलं.

त्या घरात मला स्वस्थता अशी मिळाली नाही. कारण विचाराल तर सांगता येणार नाही. जेवायला बसलो की वाटायचं, आपण कुणाला तरी न विचारता बसलोय. रविवारी सगळ्या खोल्यांतून उगाच फेऱ्या मारायचो. प्रमिला म्हणायची, "पायाला भिंगरी लागली का तुमच्या? घर घ्यायला धावलात, आता बसा की घरात." मी हसायचो. मागच्या ओट्याला कसलासा वास यायचा, ओल्या सरकीसारखा. पाणी टाकून धुतला तरी जायचा नाही.

श्रावण आला. तुम्ही पुण्याकडचे, तुमच्यात कानबाई नसते, म्हणून सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खानदेशी लोकांच्या घरी कानबाई देवी बसते. तिच्यासाठी रोट करतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे. ते दळून केलेले रोट पुनवेपर्यंत घरच्यांनीच खायचे. शेजारच्याला नाही, सोयऱ्याला नाही, लेकीच्या सासरच्यालाही नाही. ज्याच्या नावाची मूठ पडते तो घरचा. जो रोट खातो तो भाऊबंद.

मायनं माझ्या आणि देवाच्या नावानं मूठ टाकली. नव्या घरात कानबाई बसली, सोमवारी वाजतगाजत नदीत शिरवली, सगळं नीट पार पडलं. नंतर दोन-तीन दिवसांनी मी संध्याकाळच्या गाडीनं आलो आणि मायला म्हटलं, भूक लागलीय, रोट दे.

"आखो?" माय म्हणाली. तिला मोतीबिंदूमुळे माणसाची नुसती आकृती दिसायची. "दुपारले दिधा ना तुले. आखो कितला खाशी?"

"मी ते आते उनू, माय."

"मंग वट्टावर कोन बठेल व्हता?"

प्रमिला देवाला घेऊन दुपारभर शेजारी होती. घरात माय एकटीच. मी तिच्याजवळ बसलो. ती हळूहळू आठवून सांगू लागली.

"मांगला दार उघडं, नि तो बठेल. म्हने, 'माय... माले?' मी म्हनं, गाडी चुकनी व्हई तुन्ही. डावा हात पुढे कया त्यानी. मी म्हनं, अरे, जेवाना हात पुढे कर. पन तो डावाच धरी बसना..."

मी दिवा घेऊन मागे गेलो. ओटा झाडून काढल्यासारखा स्वच्छ होता. रोटाचा कण नव्हता, मुंगीही नव्हती. सरकीचा वास तेवढा गेला होता. तो गेल्याचंच मला जास्त भय वाटलं.

दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या वाटेवर भिकुबाई भेटली, आमच्या मागच्या शेताची मालकीण. तिला विचारलं. ती डोक्यावरचा भारा न उतरवता उभी राहिली.

"हिलाल," ती म्हणाली. "लीलाधर नानाना धाकला भाऊ. सरकी काढाना जिनमा त्याना उजवा हात गया. मंग वाटनीवरथून भांडन व्हयनं, नि त्या साल नानानी त्याना नावनी मूठच टाकी नई. म्हने, तू आम्हना नई. तो मांगला वट्टावर बठी ऱ्हायना, हात पुढे करीसन. पुनवले तठेच मरी गया."

"आणि नाना?"

"त्यानी मूठ नई टाकी ना. पुढला साल नानाना मोठा पोऱ्या गया. त्याना पुढला साल धाकला." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हनी मायनी त्याले रोट दिधा... मंग आते तो तुम्हना शे, भाऊ."

हे मी घरात कुणालाच सांगितलं नाही. दिवाळीच्या आत घराला कुलूप घातलं आणि जळगावला भाड्याच्या खोलीत परत आलो. गाडीचा कंटाळा आला, असं सांगितलं. हौसेनं घेतलेलं घर सोडताना प्रमिला रडली. मला मात्र बरं वाटलं. वर्षभर काही झालं नाही. देवा शाळेत जाऊ लागला. जरा अबोल झाला होता, पण मुलं होतात तशी.

पुन्हा श्रावण आला. मी कानबाई यंदा नको म्हणून पाहिलं, पण माय ऐकणारी नव्हती. भर सकाळी ती सूप पुढ्यात घेऊन बसली. शेजारी देवा. बाहेर नळावर बायका भांडत होत्या. मायनं डोळे मिटले आणि पहिलं नाव घेतलं.

"हिलाल."

मी सुपाशी जाऊन बसलो. "माय, हे नाव तुला कुणी सांगितलं?"

"कोनी काय सांगाले पाहिजे? घरना मानूस शे."

"त्याची नको टाकू."

"मन्हा हातथून रोट खायेल शे त्यानी. आते त्याले नई कसं म्हनू?" तिची मूठ सुपावर तशीच थांबली होती.

मला नाना आठवले. उंबऱ्यावर अडखळलेले, एकटे. मी देवाकडे पाहिलं. बापाला आणखी काय सुचणार?

"टाक," मी म्हणालो.

गहू पितळी पातेल्यात पडले. मग तिनं माझं नाव घेतलं आणि माझी मूठ टाकली. मग हात झटकले आणि सूप बाजूला सारलं.

"माय... देवानी ऱ्हायनी."

"कोन देवा?" ती म्हणाली.

तिला दिसत कमी होतं. ऐकू मात्र नीट यायचं. मी स्वयंपाकाच्या कोपऱ्यात प्रमिलाकडे पाहिलं. तीही हातातली वाटी धरून माझ्याकडे बघत होती. मी कुणाबद्दल बोलतोय, हे तिला कळत नसावं.

देवा मायच्या गुडघ्याला टेकून बसला होता. त्यानं फक्त हात पुढे केला होता, डावा.