सासूबाईंचे श्वास

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्या घरात घडलंय. आणि अजून संपलेलं नाही.

भुतं रात्रीच येतात असं तुम्हाला वाटत असेल, तर ऐका. हे सगळं भर दुपारचं आहे.

मी ध्वनिसंकलक. रेडिओवरच्या एका भयमालिकेचे आवाज कापतो, जोडतो. भूत बनवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. दार करकरतं ती आमची मोडकी खुर्ची. हाडं मोडतात ती कोबीची देठं. भीती माझ्या वाऱ्यालाही उभी राहायची नाही.

भुताचा आवाज होता माझ्या सासूबाईंचा. "भूत सासू मिळालेले तुम्ही एकटेच, जावईबापू," असं त्याच मला चिडवायच्या.

सुरुवातीला त्यांचं भूत खदाखदा हसायचं. मग लोकांना हसू पुरेना, तेव्हा ते रडायला लागलं. शेवटी शेवटी तर लोकांना नुसता श्वास हवा असायचा... अगदी कानाशी घेतलेला.

गेल्या थंडीत सासूबाई गेल्या. मालिका अर्धवट राहिली. मग ते काम माझ्या बायकोने घेतलं. आवाज थेट आईचा, पण तो श्वास काही जमेना.

आमच्याकडे संवादांतले नको असलेले श्वास कापतात, पण टाकत नाहीत. वेगळे साठवतात. कुठे ठिगळ लावायला बरे पडतात. सासूबाईंचे माझ्याकडे भरपूर होते.

"आईचेच लाव ना," बायको म्हणाली. "तिला आवडेल."

मी बायकोचे श्वास काढले आणि सासूबाईंचे बसवले. भाग गाजला.

पुढच्या भागाचं रेकॉर्डिंग उघडलं, आणि...

कापायला काहीच नव्हतं.

लांबलचक संवाद, आणि मधे एकही श्वास नाही.

माइक तपासला. वायर बदलली. दिग्दर्शक म्हणाला, "बरंय की, तुझं काम वाचलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको घरी झोपली होती. मी तिच्या नाकाशी कान नेला. छाती वरखाली होत होती. आवाज... नव्हता. गालाला ऊबही लागली नाही.



तसाच स्टुडिओत गेलो. म्हटलं, सासूबाईंचे श्वासच पुसून टाकू. बायकोला फोन लावून स्पीकरवर ठेवला. ती भाजी चिरत शेजारणीच्या तक्रारी सांगत होती.

मी एक श्वास पुसला.

ती बोलता बोलता थांबली.

"काय झालं गं?"

सुरी पडल्याचा आवाज. मग घशातली घरघर...

मी घाईघाईने पुसलेलं परत आणलं.

"ठसका लागला वाटतं," ती म्हणाली. मग, "तू काही केलंस का?"

तिने असं का विचारलं, मला माहीत नाही. मी नाही म्हणालो.

डॉक्टरांना काही सापडत नाही. ती जेवते, हसते, माझ्यावर चिडते. तिला काय सांगू? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. त्या श्वासांच्या मी ठिकठिकाणी प्रती करून ठेवल्यात. नवीन एकही वापरलेला नाही.

तरी काल त्या श्वासांची फाइल उघडली, तर...

ती लहान झाली होती. सगळ्या प्रती लहान झाल्यात, आणि रोज होताहेत.

कुठे जातात ते श्वास, हे मला कळतंय. मला प्रचंड भीती वाटते.

हल्ली मी तिला फार बोलू देत नाही. जिने चढू देत नाही. ती म्हणते, "तू पार बदललास. माझ्याशी दोन शब्द बोलायला तुला नको झालंय."

आणि हे ती रडत, खूप वेळ बोलत राहते.