नसलेलं पीठ

"मला तो जुगार शिकव!"

सासूबाईंनी पत्त्यांचा कोरा कॅट थोरलीच्या पुढ्यात असा काही आदळला, की टेबलावरचा कप बशीतल्या बशीत नाचला. थोरलीच्या हातातलं फडकं गळून पडलं. दुपारची वेळ होती, बेकरीला फळ्या लागलेल्या होत्या, मागच्या अंगाला गवंडी नव्या भट्टीच्या विटा रचत होता आणि त्याच्या थापीची ठकठक घरभर ऐकू येत होती. आयुष्यात कधी सापशिडीसुद्धा न खेळलेल्या सासूबाई मुरगळलेला पाय स्टुलावर टाकून सुनेकडे डोळे वटारून बघत होत्या.

"अशी बघतेस काय? माझी भट्टी ज्यानं गिळली, त्या मेल्याचं तोंड तरी बघू दे मला! पोकर म्हणतात ना त्याला? तू खेळलीस ना? मग शिकव!"

थोरलीनं फडकं उचलून टेबलावर ठेवलं. नाही म्हणावं तर कोणत्या तोंडानं? आणि हो म्हणावं तर... तर इस्पिक कोणतं आणि किलवर कोणतं, हेसुद्धा तिला धड सांगता आलं नसतं! ज्या खेळापायी तिनं घराची भट्टी बुडवली असं सारं घर मानत होतं, तो खेळ ही बाई उभ्या जन्मात एकदाही खेळली नव्हती.

"शिकवते की, आई. उद्यापासून," ती म्हणाली, आणि दोन्ही हात एकमेकांवर हलकेच झटकून आत निघून गेली.

दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस! जुन्या भट्टीला तडा गेलेला, पाव एका बाजूनं करपायचे नि दुसऱ्या बाजूनं कच्चे राहायचे, म्हणून पै पै करून साठवलेली भट्टीची रक्कम खात्यातून नाहीशी झालेली. थोरला, म्हणजे तिचा नवरा, खरं तर देवमाणूस. पण त्या दिवशी त्याच्या रागाला पारावार उरला नव्हता. "ज्यानं हे केलं असेल त्यानं आजच्या आज या घराबाहेर पडायचं! मग तो कुणी का असेना!" असं तो गरजला, आणि थोरलीनं पाहिलं, दाराआड उभ्या असलेल्या धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालेलं.

तिला सारं ठाऊक होतं. आदल्याच दिवशी धाकट्यानं तिला मोबाइल दाखवला होता. पडद्यावर जिंकलेला भलामोठा आकडा झळकत होता, पण तो हाती यायला साइटवाले आधी आणखी पैसे मागत होते... आणखी... आणि आणखी! त्यापायी बिचाऱ्यानं खात्याचा मोबाइल गुपचूप वापरून भट्टीची सारी रक्कम ओतली होती. "वहिनी, मला वाचवा," एवढंच तो म्हणाला होता. ती या घरात आली तेव्हा तो शाळेत जात होता. माहेरची आठवण काढून ती रडली, की आपल्या खाऊतलं अर्धं बिस्किट तिच्या हातावर ठेवणारा तो एवढासा दीर! तो घराबाहेर गेला असता तर परत आला नसता आणि आईंचा जीव मागे राहिला नसता.

थोरली दारातून पुढे झाली होती. "मी खेळले. मीच घालवले," ती म्हणाली होती, आणि दोन्ही हात झटकून मान खाली घालून उभी राहिली होती.

गल्ला तिच्या ताब्यात, खात्याचा मोबाइल तिच्या हाती. सगळ्यांना ते पटलं. आणि किती चटकन पटलं! हेच शल्य तिला जन्माचं बोचत राहिलं... एकानंही, अगदी एकानंही, "छे, ही नाही असं करणार," म्हटलं नाही! बायकोला घराबाहेर काढायला थोरल्याची जीभ रेटली नाही, पण त्यानं अबोला धरला. लग्न झाल्यापासून भट्टीतून निघालेला पहिला पाव मोडून तो अर्धा तिच्या हातात द्यायचा. त्या दिवसापासून पहिला पाव अख्खाच्या अख्खा फळीवर जाऊन बसू लागला. गल्ल्याची किल्ली सासूबाईंच्या कमरेला गेली. आणि थोरलीनं धाकट्याकडून वचन घेतलं, की नवी भट्टी उभी राहीपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि पुन्हा त्या साइटचं नाव काढायचं नाही. पोरानं दोन्ही पाळलं. पहाटेपासून बैलासारखा राबून त्यानं भट्टी पुन्हा जमवली होती.

आणि आता आईंना पोकर शिकायचा होता!

मैद्याच्या कोठीत, पोत्यांच्या आडोशाला शिकवणी सुरू झाली. धाकटा मास्तर, वहिनी विद्यार्थिनी, आणि पोतं हे टेबल.

"दोन पानं आपली, लपवलेली. पाच पानं मध्ये, सगळ्यांची, एकेक करून उघडायची. दर वेळी पैसे लावायचे, नाहीतर पानं टाकून बाजूला व्हायचं. शेवटी ज्याची जुळणी मोठी तो जिंकला. आता बघा, वहिनी, तुमच्याजवळ चार इस्पिक जमलेत, पाचवं आलं की बाजी तुमची. एकच पान उघडायचं राहिलंय. येईल?"

"येईल की! चार आले, त्यांच्या मागून पाचवं येईल."

"त्यांची काय वरात आहे का, वहिनी! न दिसलेली पानं शेहेचाळीस, त्यात इस्पिक नऊ. म्हणजे साधारण पाचात एकदा येणार, चारदा नाही. डाव मोठा असेल आणि लावायचं थोडं असेल तरच मागे जायचं."

थोरली त्याच्याकडे बघत राहिली. "एवढं कळत होतं, भाऊजी, आणि तरी...?"

त्यानं मान खाली घातली. "हिशेब कळत होता हो. पण दर वेळी वाटायचं, पाचातली ती एक वेळ हीच."

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंच्या खुर्चीपुढे डाव मांडला जाऊ लागला. पैशांऐवजी मोडक्या बिस्किटांचे तुकडे. सासूबाई, थोरली, आणि "बघतो जरा, कसं असतं ते," असं साळसूदपणे म्हणत येऊन बसलेला धाकटा. थोरला विटांची पाटी उचलून ये-जा करायचा. या बाजूला बघायचंच नाही असा त्याचा निश्चय होता, म्हणून दर खेपेला पाटी नेमकी टेबलाजवळच खाली ठेवून तो घाम पुसायचा.

आणि काय सांगावं! दोनच दिवसांत सासूबाईंनी दोघांना धुऊन काढलं! जिनं उभा जन्म आभाळाकडे बघून आज किती पाव खपतील ते ठरवलं, आणि गिऱ्हाइकाच्या चालीवरून तो उधार मागणार की रोख देणार ते ओळखलं, तिला अंदाज काय शिकवायचा? वाईट पानं आली की त्या बिनदिक्कत टाकून देत. "शिळा माल! उगीच कशाला मांडून ठेवायचा?" आणि चांगली आली की चेहरा असा पाडत, की धाकटा दर वेळी फसे. बिस्किटांचा ढीग त्यांच्यापुढे वाढत गेला आणि तोंडावरची कळाही. दोन वर्षांनी पहिल्यांदा त्या खळखळून हसल्या, आणि ते हसू ऐकताना थोरलीला भरून आलं.

एक गोष्ट मात्र तिला उमगेना. तिची पानं खरीच चांगली असली की सासूबाई निमूट बाजूला होत, आणि हाती काही नसताना ती थाप मारत असली की नेमक्या अडून बसत. दर वेळी! पाठीमागे आरसा आहे की काय, म्हणून तिनं दोनदा वळूनसुद्धा पाहिलं.

"काय गं," एकदा पानं लावता लावता सासूबाईंनी विचारलं, "त्या मोबाइलवर पत्ते पिसायचं कोण?"

"साइटच, आई."

"लावलेले पैसे कोणाजवळ?"

"साइटजवळच."

"आणि समोर बसलेली माणसं? तोंडं दिसायची?"

"नाही. नुसती चित्रं."

"म्हणजे पिसणारा तोच, गल्ला त्याचाच, आणि समोर माणूस बसलाय की नाही तेही तोच सांगणार! बरं, जिंकलेले परत मागितले तर?"

"आधी आणखी भरा म्हणायचे!" धाकटा उसळून बोलून गेला. "म्हणजे तुमची ओळख पटेल म्हणे! भरले की पुन्हा तेच! चोर लेकाचे..."

सासूबाईंचा पानं लावणारा हात थांबला. मागे थापीची ठकठक तेवढी चालू होती.

"तुला रे काय ठाऊक?"

"व... वहिनींनीच सांगितलं."

"हो, आई, मीच सांगितलं," थोरली घाईघाईनं म्हणाली आणि तिनं हात झटकले.

सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. पुढचं पान टाकायला मात्र त्यांना जरा जास्त वेळ लागला.

भट्टीवर शेवटची वीट बसली त्या दुपारी शेवटचा डाव पडला. धाकट्यानं पानं टाकून दिली होती. मध्ये राजा, नव्वी आणि चौव्वी अशी तीन इस्पिकची पानं, जोडीला बदामाची दुर्री आणि चौकटचा गुलाम. थोरलीच्या हातात इस्पिकची सत्ती होती आणि किलवरची दुर्री. पाचवं इस्पिक आलंच नव्हतं. तरी तिनं आपली सगळी बिस्किटं पुढे सरकवली.

सासूबाईंनी कमरेची गल्ल्याची किल्ली काढली आणि बिस्किटांवर ठेवली.

थोरला पाटी घेऊन चालला होता, तो थबकला.

"आई, हे काय!" थोरली दचकली.

"लावलं मी. आता सांग, पाचही इस्पिक आहेत तुझी?"

"आहेत," थोरली शांतपणे म्हणाली, आणि हात झटकले.

"असं? बरं, आता दुसरं सांग. भट्टीचे पैसे तू घालवलेस?"

थोरलीनं मान खाली घातली. "हो, आई... मीच."

तिचे हात पुन्हा उचलले गेले. पण त्याआधीच सासूबाईंनी तिची दोन्ही मनगटं धरली होती.

"पीठ कुठाय गं?"

"अं?"

"गवंडी आल्यापासून भट्टी बंद, मैद्याचं एक पोतं उघडलेलं नाही. मग रोज कसलं पीठ झटकतेस?" सासूबाईंनी मनगटं आणखी घट्ट धरली. "खरं बोलतेस तेव्हा हे हात गप्प मांडीवर असतात. थाप मारलीस की नसलेलं पीठ झटकतात! इतके दिवस तुझी बिस्किटं मी उगीच नाही जिंकली... आणि काल आठवलं गं मला. त्या दिवशी, त्या दाराशी, तू अश्शीच उभी होतीस! असेच झटकले होतेस हात! मला वाटलं, किती ही कोडगी, आमचं वाटोळं करून वर हात झटकतेय! दोन वर्षं मी त्या हातांना शिव्या दिल्या... माझ्या लेकराला पाठीशी घालणाऱ्या हातांना!"

"आई!" धाकट्यानं खुर्ची लोटून दिली आणि तो वहिनीच्या पायांशी कोसळला. "मी घालवले! मीच! यांनी मला वचनात बांधलं होतं... भट्टी झाली, वहिनी, आता मला बोलू द्या!"

थोरल्याच्या हातातली पाटी धाडकन खाली आली. तो टेबलाशी आला.

"मला... मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोलून बसला होतात," थोरली म्हणाली. आता अश्रू वाहत होते आणि हात मांडीवर अगदी शांत होते. "खरं सांगितलं असतं तर एकतर तुमचा शब्द मोडला असता, नाहीतर घर. पैशाचं नाही हो दुःख झालं मला. तुम्ही किती लवकर विश्वास ठेवलात, त्याचं झालं!"

थोरला जागीच मटकन बसला आणि त्या धिप्पाड माणसानं लहान मुलासारखा टाहो फोडला. मग कोण कोणाला धरून रडत होतं ते कळेनासं झालं. गवंडी दारात डोकावला आणि हळूच परत गेला.

"पुरे, पुरे!" शेवटी डोळे पुसत सासूबाईच म्हणाल्या. "डाव अजून अर्धाय. उघड तुझी पानं."

थोरलीनं लाजत पानं उघडली. दोन दुर्र्यांची एक जोडी.

सासूबाईंनीही आपली उघडली. अठ्ठी आणि पंजी. कशाला काही जुळत नव्हतं.

"एवढ्यावर तू किल्ली लावलीस, आई?" धाकटा किंचाळला. "वहिनी थाप मारतायत ते कळूनसुद्धा? हरायची वेळच जास्त होती!"

"म्हणूनच तर लावली," सासूबाई म्हणाल्या, आणि किल्ली थोरलीच्या कमरेला अडकवून त्यांनी तिला छातीशी धरलं.

भट्टी वाळली, आणि एका सकाळी तिच्यात पहिला घाणा चढला. थोरली पहाटेपासून मैदा मळत होती, धाकटा लाकडं सारत होता, आणि सासूबाई काठी टेकत टेकत उगीचच सगळ्यांना हुकूम सोडत होत्या. वासानं घर दरवळून गेलं. थोरल्यानं लांब दांड्याची फळी आत घालून पहिला पाव बाहेर काढला. दोन्ही बाजूंनी सारखा, सोन्यासारखा! फुंकर मारत, बोटं भाजून घेत त्यानं तो मोडला आणि अर्धा बायकोपुढे धरला.

"राग गेला का गं?"

थोरलीनं त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं.

"केव्हाच गेला," ती म्हणाली, आणि पाव घ्यायला हात पुढे करायच्या आधी तिनं ते दोन्ही झटकले.

थोरल्याचा चेहरा पडला, धाकट्याच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं, आणि सगळ्यांचे डोळे तिच्या हातांवर खिळले. थोरलीला आधी कळेचना. मग कळलं, आणि तिला असं काही हसू फुटलं, की तिनं मनगटापर्यंत पांढरे झालेले दोन्ही तळवे सगळ्यांसमोर धरले.

"अहो, खरंच पीठ आहे हो!"

सासूबाई काठी टेकत पुढे आल्या, चष्मा नाकावर सरळ केला, सुनेचा हात हातात घेऊन बोटानं पुसून पाहिला.

"आहे, आहे," त्या थोरल्याला म्हणाल्या. "पीठच आहे. दे तिला पाव."