चारशेरंगी

दर मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास बेलखेडीवरून विमान जाई आणि दुपारी बाराला गावातले सगळे फोन एकदम वाजत. हिरवा ठिपका म्हणजे बाग निरोगी. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. लाल म्हणजे उद्या बाराच्या आत बाग तोडा, नाहीतर बाराला सरकारी पथक येऊन तोडील. सातपुड्याच्या पायथ्याच्या या संत्रापट्ट्यात गेली तीन वर्षं हाच कायदा होता, आणि खरं सांगायचं तर लोक त्यावर खूश होते.

खूश असणारच! त्याआधी सुप्तमरीनं या मुलखाचं वाटोळं केलं होतं. मोठी लबाड मर ती. झाडात शिरली की दोन वर्षं गप्प बसायची. पान हिरवं, फळ गोड, सगळं आलबेल. तोवर तिचे बारीक किडे शेजारच्या दहा बागांत फिरून आलेले असायचे. डोळ्यांना दिसेपर्यंत सगळा खेळ आटोपलेला.

डोळे तरी काय करतील? माणसाचा डोळा तीनच रंगांवर भागवतो. लाल, हिरवा, निळा. बाकी सगळी त्यांचीच भेसळ. सरकारच्या रोगनियंत्रण कक्षातल्या डॉ. शाल्मली अकर्ते यांनी आणलेला कॅमेरा मात्र तोच प्रकाश चारशे बारीक पट्ट्यांत चिरायचा आणि पानानं प्रत्येक पट्टीतला किती प्रकाश गिळला, किती परत फेकला ते मोजायचा. निरोगी पान निळा प्रकाश अधाशासारखा गिळतं. मर लागलेलं पान त्यातला थोडासा परत फेकतं, शंभरात दोन-तीन भाग. तेवढ्यावरून कॅमेरा मर ओळखी. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘चारशेरंगी’.

हा कॅमेरा निवडायचा होता तेव्हा शाल्मलीसमोर तीन पर्याय होते. प्रयोगशाळेतला सगळ्यात अचूक, पण पान तोडून त्याच्या दिव्याखाली नेऊन ठेवायचं, दिवसाला फार तर शंभर. दुसरा शेतात न्यायचा, तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवून एकेका झाडापुढे उभा करायचा; गाव संपायला महिना. तिसरा विमानाच्या पोटात. एका सकाळच्या फेरीत अख्खा तालुका! फक्त तो एवढ्या उंचीवरून बघणार, की त्याच्या चित्रातल्या एका ठिपक्यात झाडाचा अर्धा घेर मावायचा.

गावच्या सभेत एकच माणूस आडवा आला होता. भीमरावजी खेरडे. साठी उलटलेली, धोतर, डोक्याला उपरणं. पान नुसतं उन्हात धरून झाडाला काय झालंय ते सांगणारा हा माणूस. पंचक्रोशीतले लोक त्यांना गाडी पाठवून बागेत न्यायचे.

“मॅडम, झाडाजवळ माणूस उभा राहिला पायजे जी,” ते म्हणाले होते. “वरून पाह्यलं तं बाग दिसते, झाड नाई दिसत.”

“काकाजी, तुम्ही एका झाडाजवळ उभे असता तेव्हा मर दहा झाडं पुढे गेलेली असते,” शाल्मलीनं उत्तर दिलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विमान ठरलं. भीमरावजींना त्यानंतर कुणी गाडी पाठवली नाही.

आणि आता दसऱ्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी एकेचाळीस बागा लाल झाल्या होत्या. एका दिवसात! बाकीचा तालुका पिवळा. हिरवा ठिपका नावालासुद्धा नाही.

शाल्मलीनं यादी पुन्हा तपासली. मर कितीही लबाड असली तरी तिला पंख फुटलेले नव्हते. एका आठवड्यात एवढी मजल तिला शक्यच नव्हती. पण लाल बागेतलं पानसुद्धा बाहेर न्यायला बंदी, त्यामुळे प्रयोगशाळेतला कॅमेरा निरुपयोगी. राहिला तो शेतातला, चाचणीपुरता आणलेला आणि नंतर कपाटात पडलेला. बुधवारी सकाळी आठ वाजता तोच खांद्यावर टाकून ती भीमरावजींच्या बागेत उभी राहिली. लाल यादीत त्यांची बाग पहिली होती.

सहाशे झाडं. अठरा वर्षांपूर्वी भीमरावजींनी आणि त्यांच्या कौसल्याबाईंनी हातानं लावलेली. बाई गेल्या, झाडं राहिली. फांद्या फळांनी वाकल्या होत्या, फळांवर नुकता रंग चढू लागला होता.

“मले तं काईच दिसून नाई रायलं, मॅडम,” म्हातारा हळूच म्हणाला. “रातभर पान पाहून रायलो. हिरवंच दिसते.”

कुंपणापलीकडे शेजारचे सात-आठ जण हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्या बागा पिवळ्या होत्या. ते कशाची वाट बघताहेत हे सांगायला नको होतं.

शाल्मलीनं तिकाटणं उभं केलं आणि थैलीतून पांढरी पाटी काढली. या पाटीशिवाय कुठलाही चारशेरंगी आंधळा. कुठलंही माप घेण्याआधी त्याला ती दाखवावी लागते. ‘हे बघ, यावर पडलेला सगळा प्रकाश परत येतो, आजचं ऊन हे असं आहे, आता पानं याच्याशी ताडून बघ,’ असं जणू सांगावं लागतं. तिनं पाटी दाखवली, मग झाडं. दहा, वीस, चाळीस. आकडे तिनं दोनदा ताडून बघितले.

“काकाजी, बाग ठणठणीत आहे!”

“पण फोनात लाल हाय.”

“फोन चुकलाय. का चुकला ते बघून येते. मी येईपर्यंत एकाही झाडाला हात लावू देऊ नका. बारा वाजायला अजून अडीच तास आहेत.”

म्हाताऱ्यानं मान डोलावली. त्यांनी फोन काढून पुन्हा एकदा बघितला, तेवढं तिला जाता जाता दिसलं.

धावपट्टीवरच्या शेडमध्ये सुरेखाताई ढोक विमानाची काच पुसत होत्या. यंत्रांची सगळी देखभाल त्यांच्याकडे. बाई कामाला चोख, एक स्क्रू इकडचा तिकडे होऊ द्यायच्या नाहीत.

“सुरेखाताई, विमानाची पांढरी पाटी दाखवा.”

पाटी पेटीतून निघाली. शेडच्या अंधारात ती पांढरीशुभ्र दिसत होती. शाल्मलीनं ती बाहेर नेऊन आपल्या पाटीशेजारी धरली. उन्हातही फरक जेमतेमच; कुणी सांगितलं नसतं तर तिलाही कळला नसता. किंचित मलईसारखा रंग.

“हिला काय लागलंय?”

“काही नाही, मॅडम. खंडेनवमीला पूजा केली ना यंत्रांची, तेव्हा हळदीकुंकू लावलं होतं. लगेच ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसूनपण काढलं.” सुरेखाताईंचा चेहरा उतरला. “कॅमेऱ्याला हात लावायचा नाही म्हणून तुम्ही बजावलं होतं. म्हणून त्याला नाही लावलं. म्हटलं, याच्या पाटीला लावू.”

शाल्मली मटकन खाली बसली. पुसलं म्हणजे पसरवलं. हळद निळा प्रकाश गिळते. कॅमेऱ्यानं पाटी बघितली आणि समजूत करून घेतली, की आज उन्हातच निळा कमी आहे. मग पानांनी परत फेकलेला इवलासा निळा त्याला ढीगभर वाटला. जरा सुकट पानांच्या बागा लाल, बाकीच्या पिवळ्या. आणि ही पाटी कॅमेऱ्याइतकीच नाजूक आहे, हे तिनं तीन वर्षांत कुणाला सांगितलंच नव्हतं!

“माझ्या हातून झालं का हो, मॅडम?” सुरेखाताई रडवेल्या झाल्या.

“नाही, ताई. माझ्या हातून झालं.”

तिनं कक्षाचे प्रमुख राऊळ साहेबांना फोन लावला. साहेब भले माणूस, चूक ताबडतोब उमजली. “पण ठिपका बदलायला तिघांच्या सह्या लागतात. दोन मिळतील आत्ता. तिसरे मीटिंगमध्ये आहेत.”

“साहेब, बाराला झाडं तुटतील!”

“तोडणी पथकाला मी थांबवतो, ते माझ्या हातात आहे. एकेचाळीस ठिकाणी कुणी जाणार नाही. तुम्ही निश्चिंत राहा.”

ती निश्चिंत राहिली नाही. गाडी भरधाव हाकत पावणेबाराला बेलखेडीत शिरली, तर लांबूनच करवतीचा आवाज कानावर आला. पथक आलेलं नव्हतं. रस्ता मोकळा होता. कुंपणापलीकडचे शेजारी आता कुंपणाच्या आत होते, त्यांच्याच करवती, त्यांचेच ट्रॅक्टर. सहाशे झाडं फळांसकट आडवी झाली होती. शेवटच्या रांगेतली चार-पाच तेवढी उभी होती आणि ती पडताना तिनं डोळ्यांनी बघितली.

भीमरावजी बांधावर बसले होते.

“काकाजी! मी काय सांगून गेले होते?” ती ओरडलीच. “कुणी जबरदस्ती केली? या लोकांनी?”

“कोनी नाई केली. मीच बलावलं त्याईले.” म्हातारा शांत होता, तेच जास्त भयंकर होतं. “तुमी गेल्यावर मी पुन्हा पाह्यलं, मॅडम. फोन पाह्यला, मंग पान पाह्यलं. पिवळं दिसलं. दुसरं पाह्यलं, थेही पिवळं. सारी बाग पिवळी दिसाले लागली. माह्या बागेपायी दुसऱ्याच्या बागा काऊन मराव्या?”

त्यांनी मुठीतलं पान पुढे केलं. “पाहा ना तुमीच. शिरेजवळ पाहा. पिवळं नाई का?”

शाल्मलीनं पान घेऊन उन्हात धरलं. शिरेजवळ. कडेला. उलटं करून. हजारो पानांचे आकडे तिनं वाचले होते, पण पान नुसतं बघून हो किंवा नाही म्हणायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. पिवळसर होतं का? असावं. नसावंही. तिचा हात आपोआप खांद्यावरच्या कॅमेऱ्याकडे गेला. तिला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात फोन वाजले. तिचा, भीमरावजींचा, करवती धरून उभ्या असलेल्या सगळ्यांचे. तिसरी सही मिळाली होती. एकेचाळीसच्या एकेचाळीस बागा हिरव्या.

भीमरावजींनी डोळे बारीक करून फोन बघितला. मग तिच्या हातातलं पान काढून घेतलं आणि पुन्हा उन्हात धरलं. बराच वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले.

“हिरवं हाय हो हे,” ते म्हणाले. “आता मले साफ हिरवं दिसून रायलं.”