लेबलावरचं वजन

वेराक्रूझच्या कार्निव्हलला आमच्या दुकानातून हवेने फुगणारे पोशाख भाड्याने जातात. परत आलेला प्रत्येक पोशाख मी वजनकाट्यावर टाकते. लेबलावरच्या वजनापेक्षा कमी भरला, तर कुणीतरी हवा भरणाऱ्या पंख्याची बॅटरी ढापली असं समजायचं. फुगलेला असो वा चपटा, वजन तेवढंच भरतं, कारण आतल्या हवेचा भार बाहेरची हवाच तोलून धरते. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलंय. असल्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

माझा धाकटा भाऊ फिदेन्सियो म्हणजे धष्टपुष्ट गडी. शेवटच्या दिवशी तो हिरवा डायनासोर होऊन दुकानापुढे नाचत होता. त्याच्या मंडळाचा एक नियम आहे: संध्याकाळी प्रथेप्रमाणे कार्निव्हलच्या पुतळ्याचं दफन होईपर्यंत कुणी कुणाच्या पोशाखाची चेन उघडायची नाही.

दुपारी तो थट्टेने काट्यावर चढला. वजन नेहमीच्या निम्मंच भरलं.

"बघ ताई, नाचून नाचून किती झडलो!"

"काटा बिघडलाय. उतर खाली."

तो उतरल्यावर मी स्वतः चढून पाहिलं. काट्यात काहीच बिघाड नव्हता.

तेवढ्यात समुद्रावरून उत्तरेचा वारा सुटला आणि डायनासोर हेलपाटू लागला. शेजारी एम्पानाडा, म्हणजे तिखट सारणाच्या करंज्या, विकणाऱ्या कासिल्दाबाई ओरडल्या, "अगं ओब्दुलिया, भावाला धर, उडून जाईल मेला!"

सगळे हसले. मला हसू येईना. रस्त्यावर लोकांनी गंमत म्हणून एकमेकांवर फोडलेल्या रंगीत अंड्यांची टरफलं पसरली होती, आणि फिदेन्सियो त्यांच्यावर नाचत होता. एकही टरफल चुरत नव्हतं.

मी त्याला ओढत काट्यावर आणलं. ओढायला जोर लागलाच नाही.

सुई लेबलावरच्या आकड्यावर थांबली. दोन किलो.

"फिदेन, बाहेर ये."

"नियम आहे ना, ताई. थांब की जरा."

आवाज त्याचाच होता. पण तो वरून, डायनासोरच्या डोक्यातून येत होता. तिथे फक्त हवा असते.

मी चेन ओढली.

हवा निघून गेली. पोशाख काट्यावर चपटा पडला. मी आत हात घातला. घामाने ओलं, कोमट कापड. बाकी काही नाही.

सुई हळूहळू चढू लागली. फिदेन्सियोच्या नेहमीच्या वजनावर येऊन थांबली.

ते रिकामं कापड घरात न्यायला चार माणसं लागली. कासिल्दाबाईंनी दार धरलं होतं.

"सांभाळून," त्या हळूच म्हणाल्या, "डोकं आपटेल त्याचं."