अर्ध्या नांगीचा विंचू

"तिकीट घ्या, बाई. दहा पैसे."

विजयमाला दचकलीच. ती आपली सावलीला म्हणून आत शिरली होती. एप्रिलातलं सोलापूर, दुपारचा एक, त्यात सायकल पंक्चर... अशा वेळी माणूस यमाच्या दारातसुद्धा घटकाभर टेकेल! हा तर नुसता टांग्यांचा जुना तबेला होता. वर पाटी – 'घोडेशर्यत संग्रहालय'. सोलापुरात असं काही आहे हे तिला ठाऊक नव्हतं. अहो, सोलापुरालाच ठाऊक नव्हतं, तिथं तिची काय कथा!

"मला घोडे नाही बघायचे. पंक्चर निघेपर्यंत उभी राहते फक्त."

"मग सावलीचं दहा पैसे द्या. घोडी फुकट." टेबलामागचा पोरगा हसला. एकाच गालाला खळी पडली, डाव्या. "वर मोतद्दारपण बगायला मिळतो की. घोड्यांची निगा राखणारा. म्हंजे मीच, सिदू."

"इथं तर एकही जिवंत घोडा नाही. निगा राखता कुणाची?"

"आलेल्या माणसांची," असं म्हणून त्यानं रांजणातलं वाळ्याचं पाणी तांब्यात भरून पुढं केलं.

आगाऊ आहे मेला, असं ती मनात म्हणाली... आणि तांब्या मात्र घेतला.

पीत पीत ती भिंती बघू लागली. नाल, चाबूक, झिजलेली खोगिरं, रंगीत टोप्या, शर्यतींची पिवळी पडलेली पत्रकं. सिदूचे वडील मायाप्पा यांनी पुण्याच्या रेसकोर्सवर वीस वर्षं मोतद्दारी केली आणि एकेक वस्तू जमवून गावाकडं आणली. शेवटच्या भिंतीवर एक मोठा फोटो होता. घोड्यावर बसलेला कोवळा पोरगा, मिसरूडही न फुटलेला. पागोटं सावरायला हात वर केलेला, बाही कोपरापर्यंत घसरलेली, आणि मनगटावर गोंदलेला विंचू. नांगी अर्धीच.

तांब्या तिच्या हातातून सुटला. ठण्णकन वाजला.

असा विंचू तिनं जन्मापासून पाहिला होता. भाकरी थापताना, वेणी घालताना, कपाळावरचा ताप बघताना. गोंदताना सुई टोचली तसा आईनं हात ओढून घेतला, म्हणून नांगी अर्धी राहिली होती. अख्ख्या मुलखात तसला दुसरा विंचू असणं शक्य नव्हतं. पण आई? वडिलांसमोर, आण्णांसमोर, जिच्या तोंडून शब्द फुटत नाही, ती म्हाळसाबाई – पागोटं बांधून घोड्यावर?

"काय झालं? ऊन लागलं का?" सिदू घाबरून धावत आला.

"हा... हा कोण?"

"त्येच तर कुणाला ठावं न्हाय! तीस वर्सं झाली. बिरोबाची जत्रा, सांगोल्याकडची; फोटू शर्यतीआधीचा. आप्पांनी देवळाच्या पायरीवर हात ठिवून शब्द दिलता – मला मागं टाकंल त्याला चांदीचं कडं, आन वर मागंल त्ये. ह्या पोरानं टाकलं की मागं! पर जिंकून थांबलाच न्हाय. तसाच जवारीतनं पसार. आप्पा अजून हुडकत्यात. देवापुढचा शब्द हाय, फिटल्याबिगर जीव जायचा न्हाय म्हणत्यात."

फोटोखाली काचेत ते कडं होतं. रोज पुसलेलं, लख्ख.

नाव तिच्या जिभेवर आलं होतं. पण आज सांगून टाकलं, तर उद्या यायचं काय निमित्त? असा विचार आपल्या डोक्यात आला याचाच तिला दुसरा धक्का बसला!

दुसऱ्या दिवशी सायकल धडधाकट होती, तरी ती आली. तिसऱ्या दिवशी नाल बघायचे राहिले होते. चौथ्या दिवशी कारणच सापडेना, तर त्यानं विचारलंच नाही. नुसता तांब्या पुढं केला. बोटांना बोटं लागली... वाळ्याच्या पाण्याला त्या दिवशी जरा जास्तच वास होता.

सहाव्या दिवशी, शुक्रवारी, तिनं सांगून टाकलं. "रविवारी बार्शीचे लोक बघायला येणार आहेत मला. आडतीचं दुकान आहे त्यांचं."

सिदूची खळी विझली. "तुमाला... पसंत हाय?"

"मला कोण विचारतंय?"

"मी इचारतोय की."

तिनं त्याच्याकडं सरळ पाहिलं. "नाही," ती म्हणाली, "मुळीच नाही. तुम्ही या ना घरी... आण्णांना विचारा."

"कुठल्या तोंडानं येऊ?" त्यानं मान खाली घातली. "गिरणीत बदली कामगार मी. आन वर ह्यो तबेला. तुमचं आण्णा कचेरीतलं. दारातनंच परत लावतील की वो."

ती रडतच घरी गेली.

शनिवारी दुपारी आण्णा कचेरीत असताना आईनं तिचं पुस्तक पुढ्यात उपडं केलं. सहा तिकिटं पडली. सहाच्या सहा, घोड्याचं चित्र असलेली.

"घोड्याचा नाल बगायला कुणी सा येळा जात न्हाय, विजे," आई शांतपणे म्हणाली. "ऊठ. दाव मला."

वाटेत फोटोचं सांगावं म्हणून तिनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. तबेल्यात आज खाटेवर मायाप्पा बसले होते, सिदू रांजणापाशी होता. आई कुणाकडं न बघता भिंती बघत चालली... आणि त्या फोटोपाशी थबकली. मग तिनं बांगड्या वर सारल्या आणि मनगट काचेला लावलं. विंचवाशेजारी विंचू.

"पागोटं माज्या थोरल्या भावाचं हुतं," ती म्हणाली. "त्येचा पाय मुरगळला. मंग मीच बसले."

मायाप्पा खाटेवरून उठले, परत बसले, परत उठले. "बाई? आरं द्येवा... तीस वर्सं म्या पोरगा हुडकतोय! थांबला का न्हाईस गं माय?"

"थांबले असते तर पागोटं उतरून द्येवाच्या पाया पडाय लागलं असतं."

म्हातारा आधी हसला, मग भडाभडा रडला. त्यानं काचेतून कडं काढलं. "घ्या. आन मागा आता. काय बी मागा, बिरोबाची आण हाय."

आईनं कड्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पदर खोचला. ज्या आवाजानं आजवर उंबरा ओलांडला नव्हता, तो आवाज अख्ख्या तबेल्यात घुमला.

"कडं ऱ्हाऊ द्या हितंच. ह्यो पोरगा द्या. माज्या पोरीला."

ठण्णकन आवाज झाला. या खेपेला तांब्या सिदूच्या हातून सुटला होता.

"आई!" विजयमाला पुढं आली. "पण आण्णा..."

"मालकांस्नी मी बोलते. तीस वर्सं बोलले न्हाय, ती समदी आज रातीला बोलते." मग ती मायाप्पांकडं वळली. "बार्शीचं लोक उद्या चारला येणार हायती. तुमी तीनलाच या. आन दादा, ह्या बारीला तरी दुसरा नंबर येऊ नगा."