चेहऱ्याची साक्ष

किटलीचं बटण टक्कन वर उडालं, तरी चहा करायला टेबलावरून कोणी उठलं नाही.

"काय म्हणालीस? पुन्हा बोल," शिवॉन आपल्या लेकीला म्हणाली.

"चर्चमधल्या दृढीकरणाच्या विधीत माझ्या मागे उभी राहायला, धर्ममाता म्हणून मी नूलाआत्याचं नाव दिलंय." बारा वर्षांची ईफा काट्याने बटाट्याला भोकं पाडत होती. "शाळेत विचारलं, मी सांगून टाकलं."

शिवॉन हसली. कोणाचा तरी मळ कागदाने टिपून फेकून द्यावा, तसं तिचं हसू होतं. गावात तिचं ब्युटी पार्लर होतं आणि माणसाचा चेहरा ही त्याची लायकी असते, असं तिचं ठाम मत होतं.

"वा गं वा! दृढीकरणाच्या दिवशी पोरगी बिशपसमोर शपथ घेणार, अठरा वर्षांची होईपर्यंत दारूला शिवणार नाही म्हणून. आणि खांद्यावर हात कोणाचा? तर हिचा! फिनटन, तुझ्या बहिणीला चर्चमध्ये पुढे उभं केलं ना, तर मेणबत्त्या लावायची गरज नाही पडायची. नाकच पुरे आहे!"

नूलाचा चेहरा पेटला. तो नेहमीच पेटायचा... चहाच्या वाफेने पेटायचा, चुलीच्या धगीने पेटायचा, समुद्रावरून येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्याने पेटायचा. आणि या सगळ्यांहून जास्त पेटायचा तो लाजेने! गाल लाल झाले की लोक बघत, लोकांनी बघितलं की लाज वाटे, लाज वाटली की गाल आणखी लाल होत. कपाळावर, हनुवटीवर बारीक पुटकुळ्या आणि नाकाच्या शेंड्यावर लाल रेघांचं जाळं... त्या जाळ्यात ती गेली कित्येक वर्षं अडकून पडली होती.

तिने भावाकडे पाहिलं. फिनटन ताटातल्या बेकनचे उगीचच आणखी बारीक तुकडे करत होता.

"जाऊ दे ना, शिवॉन," तो पुटपुटला. "लहान आहे ती. बदलेल नाव."

बदलेल नाव! नूलाच्या काळजात काहीतरी कचकन तुटलं. वहिनीच्या टोमण्यांनी जे झालं नव्हतं, ते भावाच्या त्या दोन शब्दांनी झालं. ती उठली, आणि कोंबड्यांना दाणे घालायच्या निमित्ताने अंगणात जाऊन उभी राहिली.

कोणासाठी सोसत होती ती हे सगळं? त्याच्याचसाठी ना!

आई गेली तेव्हा फिनटन सात वर्षांचा होता आणि नूला एकोणीसची. लग्न, संसार, अमेरिकेला गेलेल्या मैत्रिणींची बोलावणी... सगळं तिने हसत बाजूला सारलं आणि त्या पोरक्या जीवाला पंखाखाली घेतलं. तो मोठा झाला, शाळेची बस चालवू लागला, शिवॉनला घरी घेऊन आला. आणि मग हळूहळू दारूही घरी घेऊन आला. शिवॉनने एकदा त्याला रंगेहाथ पकडलं, तेव्हा दारात उभं राहून बजावलं होतं, "पुन्हा एक थेंब घेतलास, तर ईफाला घेऊन मी कॉर्कला माझ्या आईकडे जाईन. मग लेकीचं तोंड फोटोत बघ!"

आणि मग एका हिवाळ्यात शिवॉनला जळणाच्या खोलीत, पोत्यांच्या मागे, रिकाम्या बाटल्या सापडल्या. फिनटनचा चेहरा पांढराफटक पडला. ईफा जिन्यात कठडा धरून उभी होती. त्या एका क्षणी नूलाच्या तोंडून शब्द निघून गेले...

"माझ्या आहेत त्या."

तिला वाटलं होतं, कोणीतरी म्हणेल, छे, भलतंच काय! निदान एखादी भुवई वर जाईल. पण नाही! सगळ्यांनी एका श्वासात विश्वास ठेवला. चेहऱ्याने आधीच साक्ष दिली होती, कबुली केवळ उपचारापुरती होती.

आणि हे गाव! काय सांगावी या बालिनक्रेची थोरवी! शनिवारी रात्री ज्या गावातले निम्मे पुरुष भिंती चाचपत घर गाठतात, तेच गाव रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला जाऊन नूलाकडे बघून एकमेकांना कोपर मारायचं. दारूला कधीही न शिवणाऱ्यांनी कोटाला लावायची छोटीशी पिन नूला लहान मुलगी असल्यापासून लावत होती. बाटल्यांची गोष्ट गावभर झाल्यावर फादरनी तिला बाजूला घेऊन अगदी मृदू आवाजात सांगितलं, "नूला, ती पिन आता काढून ठेवलेली बरी, नाही का?" तिने काढून ठेवली. पबवाला दारात उभा राहून ओरडायचा, "काय नूला, आमचं दुकान आवडत नाही वाटतं? घरीच उरकतेस!" ज्याच्या पेल्यांवर अर्ध्या गावाचे संसार बुडाले, त्याने हे बोलावं!

बसची किल्ली मात्र तिने स्वतःकडे घेतली. रोज सकाळी शिवॉन पार्लर उघडायला गेली, की ती फिनटनला पुढ्यात उभं करी, लहानपणी दात घासलेत का बघायची तसा त्याच्या तोंडाचा वास घेई, आणि जराशी जरी शंका आली तरी स्वतः शाळेत फोन करी, "फिनटनला ताप आहे, आज दुसरा कोणी पाठवा." लोकांच्या लेकरांच्या जिवाशी खेळ तिला कधीच मान्य नव्हता.

"शेवटची, नूला. आईची शपथ!" तो रडायचा. ती त्याचे डोळे पुसायची.

मागच्या उन्हाळ्यात डोळ्यांत सारखं वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं, म्हणून ती गॉलवेला गेली. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "रोझेशिया आहे हा, कातडीचा रोग. दारूचा काही संबंध नाही. मलम लावा, गोळ्या घ्या, दोन-तीन महिन्यांत पुष्कळ उतरेल. डोळ्यांची हेळसांड मात्र करू नका."

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये नूला खिडकीला डोकं टेकून आनंदाने रडली. दारूचा काही संबंध नाही! तिला ते प्रत्येक दारावर थाप मारून सांगावंसं वाटत होतं... पण गावाची वेस दिसू लागली, आणि तिच्या मनात विजेसारखं लखकन चमकून गेलं. माझा चेहरा निवळला, तर लोक म्हणतील, नूलाने सोडली. मग यापुढच्या बाटल्या कोणाच्या?

मलमाची नळी तिने कोंबड्यांच्या दाण्याच्या पिंपात खोल दडवली आणि पुन्हा कधी बाहेर काढली नाही. त्या तांबड्या, जळत्या चेहऱ्याआड तिचा फिनटन सुरक्षित होता. डोळे खुपत राहिले. खुपोत!

पण दैवाला हेही पाहवलं नाही. दृढीकरणाला आठवडा उरला असताना औषधाच्या दुकानवालीने चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळचा एक कार्यक्रम ठरवला, या रोगाची लोकांना ओळख व्हावी म्हणून. डब्लिनहून एक नर्स बोलायला आली. पार्लरवाली म्हणून शिवॉनला पहिल्या रांगेत मान मिळाला. नूला नेहमीप्रमाणे मागच्या स्वयंपाकघरात चहा करत होती; मधली खिडकी उघडी होती.

नर्सने पडद्यावर एका बाईचा फोटो दाखवला. अगदी नूलाचेच गाल, नूलाचंच नाक!

"हिच्याबद्दल काय वाटतं तुम्हाला?"

"एवढ्या पेल्यांचं बिल कोणी भरलं ते विचारा!" मागून पबवाला ओरडला. हॉल खदखदला.

नर्सही हसली. मग शांतपणे म्हणाली, "फोटो माझा आहे. औषध सुरू करण्याआधीचा. मी आयुष्यात दारू चाखलेली नाही."

हसू जागच्या जागी मेलं.

"आपल्यासारख्या चटकन लाल होणाऱ्या गोऱ्या माणसांत हा रोग घरोघरी आहे. मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. दारूने भडकतो, तसा गरम चहानेही भडकतो. मग चहा पिणाऱ्याला कोणी तोंड लपवायला लावतं का? आणि पार्लरवाल्या बायांनो, हात जोडते, अशा चेहऱ्याला घासू नका. आधीच होरपळलेली कातडी आहे ती."

गावाला आपलं अज्ञान कळावं म्हणून ती बाई तळमळून बोलत होती, आणि त्या साऱ्या हॉलमध्ये एकटी नूला परमेश्वराला विनवत होती, 'देवा, यांना काही कळू देऊ नकोस!' पण एकेक मान खिडकीकडे वळू लागली. शिवॉनची मात्र वळली नाही. ती ताठ बसून राहिली होती, आणि तो ताठपणाच नूलाला भिववून गेला.

घरी येताच शिवॉनने कोटही काढला नाही. ईफाला वर पाठवलं, फिनटनला बसायला सांगितलं, नाताळची उरलेली, स्वतः कुलपात ठेवलेली व्हिस्कीची बाटली कपाटातून काढून टेबलावर आदळली आणि पेला भरला.

"नूला, खरं सांग. तू पितेस?"

"पिते."

"खोटं बोलतेस."

"पिते म्हटलं ना! तुझ्या त्या नर्सला काय माहीत माझं?"

"मग पी." शिवॉनने पेला तिच्याकडे सरकवला. "सवयीची ना तू? एका घोटात संपव. मी बघते."

जन्मात ओठाला न लावलेलं विष ते! ईफाच्या वयाची असताना, त्याच चर्चमध्ये, आईचा हात खांद्यावर असताना घेतलेली शपथ... ती अठराव्या वर्षी संपली होती. नूलाने ती जन्मभराची केली होती. तिने फिनटनकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला कळलं असतं. तिने पेला उचलला. वासानेच डोळ्यांत पाणी आलं. तरी तिने पेला ओठांशी नेला...

"नको!"

फिनटनने झडप घालून तो पेला हिसकावला आणि मोरीत रिकामा केला. "नको, नूला... माझ्यासाठी एवढं नको गं! माझ्या होत्या, शिवॉन. सगळ्या माझ्या होत्या. हिने कधी थेंबही घेतला नाही!" आणि तो सहा फुटी पुरुष बहिणीच्या मांडीत डोकं खुपसून लहान पोरासारखा हंबरू लागला.

शिवॉनने बाटलीला बूच लावलं. तिने नवऱ्याकडे ज्या तिरस्काराने पाहिलं, त्यापुढे तिचे आजवरचे सगळे टोमणे गोड वाटावेत!

"बहिणीच्या तोंडाआड लपलास," ती म्हणाली. "उद्या बसची नोकरी सोडायची. परवापासून व्यसनमुक्तीच्या बैठकीला जायचं, मी सोडायला येईन आणि बाहेर गाडीत बसून राहीन. नाहीतर कॉर्कची वाट मला पाठ आहे."

मग तिने खुर्ची ओढली आणि ती नूलासमोर बसली. "मला माफी मागता येत नाही. घरात कोणी शिकवलंच नाही. औषध दिलं होतं कोणी?"

"कोंबड्यांच्या पिंपात आहे," नूला म्हणाली.

"कोंबड्यांच्या पिंपात! मूर्ख बाई!" असं ओरडून शिवॉन जी रडू लागली, ती थांबेचना. रडत रडतच ती बाहेर जाऊन नळी शोधून घेऊन आली, आणि इतरांचे चेहरे घासून घासून चकचकीत करणारी ती बोटं नूलाच्या गालांवरून इतकी हळू फिरली, की नूलाला आपल्या आईची आठवण झाली.

दृढीकरणाच्या दिवशी चर्च भरून गेलं होतं. नूलाचे गाल अजून लालच होते; आठवड्याभरात कुठलं उतरायला! पण आज ती मान खाली घालून आली नव्हती. ज्या बायकांनी कुजबुजून जिभा झिजवल्या, त्याच आज "किती छान दिसतेस गं!" म्हणत पुढे येत होत्या. त्यांच्याकडे तिने असं काही पाहिलं, की त्या आपापल्या बाकांवर जाऊन गुपचूप बसल्या. पबवाल्याला तर प्रार्थनेच्या पुस्तकातून डोकं वर काढवेना.

बिशपने ईफाच्या कपाळाला तेल लावलं. नूलाचा हात तिच्या खांद्यावर स्थिर होता. मग सगळी मुलं शपथेसाठी उभी राहिली, आणि त्यांच्या कोवळ्या आवाजांच्या मागून, शेवटच्या बाकाकडून, एक घोगरा, फाटलेला पुरुषी आवाज तेच शब्द म्हणू लागला. माना वळल्या. फिनटन उभा होता. टाय वाकडा, डोळे सुजलेले. शेजारी बसलेल्या शिवॉनने त्याच्या कोटाची बाही मुठीत गच्च धरली होती.

ईफाने वळून आत्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावरचं तेल चमकत होतं.

"आत्या," तिने अगदी हळू विचारलं, "बाबा पाळतील?"